रिकाम्या तळ्यावरचं फडकं

कालव्याकाठच्या सगळ्या तळ्यांवर त्याला डॉक्टर म्हणत. डॉक्टरकी कुठे शिकला म्हणाल, तर कुठेच नाही. तरुणपणी चार वर्षं हॅचरीत, म्हणजे कोळंबीचं बीज तयार होतं तिथे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता, एवढीच काय ती शिदोरी. पण माणूस बोलायला लागला की समोरच्याची मान आपोआप हलायला लागायची. स्वतःचं एक तळं आणि बारा तळ्यांना पुरेल एवढं शहाणपण, असा त्याचा संसार होता.

दर हंगामाच्या तोंडावर खाद्याच्या गोदामात तळेवाल्यांची बैठक भरे आणि डॉक्टर तेच सांगे, पण दर वेळी नव्याने सांगितल्यासारखं. "आपल्याला गोवर येऊन गेला की शरीर तो लक्षात ठेवतं. कोळंबीकडे तसली आठवण नाही. तिला लस टोचून भागत नाही. काही बीज निवडून निवडून काटक केलंय, पण त्याच्यावरही किती भरवसा ठेवणार? पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की आठवड्यात तळं साफ. त्यातूनही चार जगल्या तर त्या बऱ्या झाल्या असं समजू नका, रोग अंगात घेऊन हिंडत असतात. म्हणून तो तळ्यात शिरूच द्यायचा नाही. बांधावर चढण्याआधी औषधाच्या पाण्यात पाय बुडवा, जाळं बुडवा. आणि रोग दिसला की खांबाला लाल फडकं बांधा, म्हणजे दुसरा कोणी आपलं जाळं घेऊन तिथे जाणार नाही."

यंदाही तो हेच सांगत होता. फक्त यंदा त्याचं लक्ष दुसऱ्या रांगेतल्या दोन पायांकडे जात होतं.

ते पाय त्याच्या ताईच्या सुनेचे. घोट्यापर्यंत कातडी पांढरी पडलेली, टाचांना भेगा. ब्लीचिंगच्या पाण्यात माणूस पाय किती वेळ बुडवतो? मोजून अर्धा मिनिट. ही दोन महिने दिवसातून दहा वेळा बुडवत होती आणि वर ब्रशने घासतही होती. कारण दोन महिन्यांपूर्वी ताईचं तळं पांढऱ्या ठिपक्यांनी गेलं आणि त्याचं खापर हिच्या डोक्यावर फुटलं.

आता खरं काय झालं ते ऐका. ताईचं तळं जायच्या आठवडाभर आधी, एका सकाळी डॉक्टरने स्वतःच्या तळ्यात जाळं टाकलं होतं. ताटलीतलं खाद्य तसंच पडलेलं, चारदोन कोळंब्या काठाला सुस्तावलेल्या. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर त्याने त्याला फैलावर घेतलं असतं. स्वतःच्या तळ्याला मात्र म्हणाला, कात टाकायचे दिवस आहेत, खाणार नाहीतच. तेवढ्यात ताईचा निरोप आला, आमची किती वाढलीत ते बघून जा. स्वारी तेच ओलं जाळं खांद्यावर टाकून निघाली. ताईच्या बांधाशी औषधाचं पिंप भरलेलं होतं आणि सून तिथेच उभी होती.

"मामा, जाळं बुडवायचं राहिलं," ती म्हणाली.

"डॉक्टरलाच औषध शिकवतेस होय?" असं म्हणून तो हसला आणि सरळ बांधावर चढला. ताईसुद्धा हसली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या कोळंब्यांच्या कवचावर ठिपके दिसले. त्याने फडकं बांधलं नाही. पहाटे व्यापाऱ्याची गाडी बोलावली, हाताला लागली ती कोळंबी काढली आणि भाव चांगला मिळाला म्हणून लवकर काढली, असं सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरच्या तळ्यात रोग, हे शब्द त्याला कुणाच्या तोंडून ऐकायचे नव्हते. त्यानंतर पाचव्या दिवशी ताईचं तळं गेलं. तिथल्या खांबाला लाल फडकं बांधलं ते यानेच, स्वतःच्या हाताने.

मेलेल्या कोळंबीचा काठावर थर लागला होता. ताईने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "ही माहेराहून आली त्या दिवशी तशीच बांधावर चढली होती म्हणे. तिच्या पायातून आला असेल का रे?"

तो म्हणाला, "येऊ शकतो."

खोटं नव्हतं हो ते. पायातून रोग येऊ शकतो, कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण हे दोन शब्द उच्चारताना आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं आणि तेव्हापासून घास घशाखाली उतरताना त्याला ते आठवत. ताईच्या घरी जेवायला जायचं तो टाळू लागला. कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई, आणि तरी तो ओ देई.

बैठकीत ताई उठली. "डॉक्टर सांगतोय ते पटत नसेल तर आमच्याकडे बघा. ऊठ ग, तुझ्या हातून काय चुकलं ते सांग सगळ्यांना. लाजू नकोस, दुसऱ्याचं तळं तरी वाचेल."

सून उठली. मान खाली. "मी पाय न बुडवता बांधावर गेले," ती म्हणाली. "एकदाच गेले होते."

डॉक्टरला वाटलं, आता गप्प बसलो तर जन्मभर गप्पच बसेन.

"तिने काही केलेलं नाही," तो म्हणाला. आवाज इतका हळू आला की मागच्यांनी माना पुढे काढल्या. "रोग माझ्या तळ्यात होता. मी लपवला. जाळं माझं होतं. तिने मला बुडवायला सांगितलं होतं, मी हसलो."

ताई त्याच्याकडे बघत खाली बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सून मात्र उभीच होती. "मला वाटलं होतं जाळ्याचं," ती हळूच म्हणाली. "पण तुमचं पीक चांगलं निघालं असं तुम्ही सांगितलंत. मग माझंच चुकलं असणार असं धरून चालले." जरा थांबून तिने विचारलं, "आज मी उठले नसते तर सांगितलं असतंत का, मामा?"

त्याने तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहिलं.

ती बाहेर गेली. आपल्या बांधावरच्या खांबाचं लाल फडकं तिने सोडलं, पिंपात नीट बुडवलं, पिळलं आणि परत येऊन त्याच्या हातात दिलं. "तुमच्या तळ्यावर बांधायचं राहिलंय," ती म्हणाली.

त्याचं तळं केव्हाच कोरडं पडलं होतं, तळाला भेगा गेल्या होत्या. तरी त्याने सगळ्यांदेखत जाऊन ते खांबाला बांधलं. दुसऱ्या दिवशी खाद्याची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर थांबला आणि म्हणाला, "काय डॉक्टर, रिकाम्या तळ्यावर फडकं कशाला?"

डॉक्टरने त्याला बांधावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.