फडताळातला नकाशा

दवाखान्याची नवी इमारत बांधून घेणाऱ्या मालकीणबाईंनीच इंजिनिअरसाहेबांना नेमलं होतं. पण कंत्राटात एक गमतीचं कलम होतं. मुदतीवरून मालक आणि कंत्राटदाराचं वाजलं, तर निकाल इंजिनिअरने द्यायचा, आणि तोही कुणाची बाजू न घेता. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, ही सोय इथे नव्हती.

साहेबांना सगळं कंत्राट तोंडपाठ. साइटवर कुणी नमस्कार केला तरी साहेब तो लेखी मागतील, असं गवंडी आपसात म्हणत.

कंत्राटदाराने एकवीस दिवसांची मुदतवाढ मागितली होती. जिन्याचा नकाशा मंजुरीला दिला तो परत आलाच नाही, शेवटी दुसरी प्रत द्यावी लागली आणि तोवर काम अडलं, असं त्याचं म्हणणं. मुदतवाढ नाकारली तर मालकीणबाई सोमवारी त्याला कामावरून काढणार होत्या.

"साहेब, तुम्ही गाडीत बसत होता, तेव्हा तुमच्या हातात दिला होता."

"पोच दाखवा."

पोच नव्हती. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. साहेबांनी त्याला पोच घेण्याचं महत्त्व अर्धा तास समजावून सांगितलं.

रविवारी बायकोने हाक मारली. "अहो, फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा काढून द्या."

साहेबांनी डबा उचलला. खाली अंथरलेल्या कागदावर जिना होता. कोपऱ्यात कंत्राटदाराची सही आणि तारीखही.

"हा कागद कुठून आणलास?"

"तुमच्या गाडीतून. मागच्या सीटवर किती दिवस लोळत होता. चांगला जाड आहे, म्हणून अंथरला. का, मला नोटीस देताय?"

साहेबांना हसू येईना. त्यांनी डबा परत जागेवर ठेवला. कुणाला कळणार होतं? जेवायला बसले, पण नजर पुन्हा पुन्हा फडताळाकडे जाई. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या अर्ध्या तासाच्या भाषणाची जास्तच.

सोमवारी बैठकीत त्यांनी टेबलावर नकाशा उलगडला. त्यावर डब्यांचे गोल डाग होते.

"हा माझ्या घरी सापडला. चूक माझी. एकवीस दिवस मंजूर."

कंत्राटदार बघतच राहिला. मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही आमचे ना?"

"एरवी तुमचाच. निकाल देताना नाही."

"आणि पुढचं काम मी दुसऱ्या इंजिनिअरला दिलं तर?"

साहेबांना पुढचं काम हवं होतं, फार हवं होतं.

"तो तुमचा अधिकार आहे, बाई. हे दिवस मात्र त्यांचे आहेत."

निकालपत्रात 'विलंबास जबाबदार' असा रकाना होता. त्यात साहेबांनी स्वच्छ अक्षरात 'इंजिनिअर' लिहिलं, सही केली आणि कागद पुढे सरकवला. कंत्राटदाराने तो दोनदा वाचला. मग पेन काढून, कुणी न मागता, त्याने साहेबांना पोच लिहून दिली.