पहिलं ‘नको’

डॉक्टर प्रताप मिरीकरांनी शाळेच्या सभेसाठी सूट ड्राय-क्लीनिंगला टाकला हे कळलं, तेव्हाच सुलभा आगाशेने ओळखलं, आता आपलं काही खरं नाही. बारशाला बोलावलं तरी जो माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय पानावर बसत नाही, त्याच्या हातात पोरीची शाळा द्यायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण लार्कस्पर लेनवरच्या पाचही मराठी घरांनी ठरवून टाकलं होतं की डॉक्टरच बोलतील. का, तर ते महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, हार्टचे डॉक्टर, आणि गाडी कॅडिलॅक. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं फी भरून प्रायव्हेट शाळेत जात होती, हे कुणाला आठवायचंच नव्हतं.

भानगड अशी होती. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोच्याही पलीकडे, क्रॉसफील्ड हे गाव परवापरवापर्यंत कापूस पिकवत होतं. मग कंपन्या आल्या, कंपन्यांमागून विटांची मोठाली घरं आली आणि घरांमागून पोरं. बिल्डरांनी कोपऱ्याकोपऱ्यावर ‘उत्तम शाळा’ अशा पाट्या ठोकून घरं खपवली, पण ही पोरं बसणार कुठे याचा विचार कुणाच्या बापाने केला नव्हता. शाळेच्या मैदानात पत्र्याचे वर्ग ट्रकवरून आणून उभे केले होते. त्यांना म्हणायचं पोर्टेबल. जेवणाच्या पाळ्या इतक्या झाल्या होत्या की तिसरीची मुलं सकाळी दहालाच पिझ्झा खायची आणि दुपारी भुकेने कळवळायची. अमेरिकेत येऊन पोराला उपाशी शाळेतून आणायचं, तेही अडीच एकर पार्किंग असलेल्या शाळेतून, याला काय म्हणावं ते सुलभाला कळत नसे.

शेवटी गावच्या शाळा-बोर्डाने हायवेच्या पलीकडे नवीन शाळा बांधायला घेतली आणि नकाशावर नवी हद्द आखली. ती हद्द नेमकी लार्कस्पर लेनच्या अलीकडून गेली. म्हणजे येत्या ऑगस्टपासून या गल्लीतली सगळी मुलं नव्या शाळेत.

बाकीच्यांची मुलं कुठेही गेली असती तरी शिकलीच असती. सुलभाची रुपाली वेगळी होती. घरी तोंडाचा पट्टा चालायचा, पण शाळेत दोन वर्षं तिने एक अक्षर उच्चारलं नव्हतं. बाथरूमला जायचं तरी विचारायची नाही, ओल्या कपड्यांनी घरी यायची. पहिलीच्या बाई म्हणाल्या, हिला इंग्रजी येत नाही. दुसरीच्या म्हणाल्या, हिला ऐकू येत नाही. डॉक्टर मिरीकर एका डिनरला जिलबी तोडता तोडता म्हणाले होते, “वहिनी, लाड कमी करा.”

मग तिसरीत मिस डन भेटली. पोर्टेबलच्या खिडकीत एक जुनाट एसी होता, तो सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. मिस डनने रुपालीला त्या एसीखाली बसवलं आणि सांगितलं, इथे मोठ्याने वाच, कुणाला ऐकू जात नाही. रुपाली रोज त्या घरघराटात वाचायला लागली. थंडी पडल्यावर एक दिवस मिस डनने एसी मध्येच बंद केला, आणि रुपाली वाचतच राहिली. सगळ्या वर्गाने ऐकलं. त्या दिवशी सुलभा गाडीत बसून ढसाढसा रडली होती. आता मिस डन हाच वर्ग चौथीलाही घेणार होती. रुपालीला तिच्याकडे आणखी एक वर्ष मिळालं असतं तर पोर तरली असती. सुलभाला त्या शाळेकडून, त्या गावाकडून आणि खरं तर या अख्ख्या देशाकडून एवढंच हवं होतं.

हे तिने मिरीकरांच्या घरी जमलेल्या बैठकीत सांगितलंही. डॉक्टरांची बायको लतिका ढोकळा फिरवत होती. कुणी ऐकलं नाही. बैठकीचा खरा विषय होता नव्या शाळेच्या हद्दीत येणारी अपार्टमेंट्स.

“भाड्याने राहणारी माणसं,” डॉक्टर म्हणाले. “स्टँडर्ड काय राहणार? आणि उद्या घरं विकायला काढली तर?”

पंधरा वर्षांपूर्वी हेच डॉक्टर चौघांत एक अपार्टमेंट करून राहायचे आणि एका पातेल्यात खिचडी शिजवायचे. ते स्वतःच हौसेने सांगत. पण वर चढल्यावर शिडी ओढून घ्यायची ही आपल्या लोकांची जुनी खोड, आणि ती व्हिसाबरोबर आपोआप येते, असं सुलभाचं मत होतं.

“मी बोलते सभेत,” ती म्हणाली. “रुपालीचं मलाच नीट सांगता येईल.”

“वहिनी, तुम्ही इमोशनल व्हाल. या लोकांसमोर डिग्निटीने बोलावं लागतं.”

तिचा नवरा गुरुदत्त टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता, आणि टेलिफोनच्या खांबाइतकंच बोलायचा. तो म्हणाला, “डॉक्टर बोलतायत ना. मग झालं.”

नव्या हद्दीवर लोकांचं म्हणणं ऐकायची बोर्डाची सभा शाळेच्याच कॅफेटेरियात होती. मुलांची जेवायची बुटकी बाकं, त्यांवर सगळं गाव गुडघे हनुवटीला टेकवून बसलेलं. डॉक्टर थ्री-पीस सुटात त्या बाकावर असे दाटून बसले होते की आता उठताना बाक सोबत येतं की काय असं सुलभाला वाटलं. रुपालीला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून ती आईला चिकटून बसली होती. समोर बोर्डाची सात माणसं आणि भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेला नकाशा. मधोमध बसलेले अध्यक्ष म्हणजे उंच, सावकाश बोलणारा म्हातारा, मिस्टर हॅस्केल. त्याचा म्हणे ट्रॅक्टरचा धंदा होता. ट्रॅक्टरवाला शाळा चालवणार आणि हार्टवाला त्याला संस्कृती शिकवणार, आनंदीआनंद आहे, असं मनाशी म्हणून सुलभाने पर्स मांडीवर घेतली.

डॉक्टरांचं नाव पुकारलं गेलं. माणशी तीन मिनिटं होती. पहिलं मिनिट गुरुकुलात गेलं. दुसऱ्यात त्यांनी शून्याचा शोध लावला. तिसऱ्या मिनिटात भारतीय समाज किती कष्टाळू, किती शांत, कर किती वेळेवर भरतो, हे आलं. लार्कस्पर लेनचं नाव आलं नाही, पोरांचं आलं नाही, मिस डनचं तर नाहीच नाही. सुलभाच्या मस्तकात तिडीक गेली. घंटी वाजली. डॉक्टर तरी उभेच.

मिस्टर हॅस्केलने चष्मा काढला. “थँक यू, डॉक्टर,” तो म्हणाला. “आता मला एक सांगा. सध्याच्या शाळेत आम्हाला एका गल्लीपुरती मुलं ठेवता येतील, त्यांची पाचवी होईपर्यंत. तुमच्या लार्कस्पर लेनच्या लोकांना त्या जागा हव्या आहेत का?”

सुलभाने रुपालीचा हात घट्ट धरला. देवच पावला म्हणायचा. न मागता, शून्याच्या शोधावर, पदरात पडलं होतं.

डॉक्टर हसले. मान थोडी तिरपी करून, दोन्ही तळवे पुढे धरून, अगदी पंगतीत वाढप्याला हसावं तसं हसले.

“नो, नो, प्लीज,” ते म्हणाले. “आमच्यासाठी तुम्ही उगाच त्रास घेऊ नका.”

आणि तसेच उभे राहिले.

ते कशासाठी उभे आहेत हे त्या कॅफेटेरियात फक्त मराठी बाकांना कळलं. पहिला लाडू कुणी घेतं का? पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मग समोरच्याने म्हणायचं, छे छे, असं कसं, घ्यायलाच पाहिजे. मग आपण म्हणायचं, बरं, तुम्ही इतका आग्रह करताय तर अर्धा द्या. मग तो दोन वाढतो. जन्मभर हेच चाललेलं. डॉक्टर आग्रहाची वाट बघत होते.

मिस्टर हॅस्केलच्या चेहऱ्यावर खरोखरचा आदर आला. “फार मोठ्या मनाची गोष्ट आहे ही, डॉक्टर,” तो म्हणाला. “सकाळपासून लोकांचे फोन येतायत, पण असं अजून कुणी म्हटलेलं नाही.” लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. डॉक्टरांनी त्या घेतल्या आणि गोंधळलेल्या चेहऱ्याने येऊन बाकावर बसले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून झालं होतं. हलवाई म्हणजे आगाशे.

पुढचं नाव मॅगनोलिया कोर्ट नावाच्या दुसऱ्या एका गल्लीतल्या बाईचं होतं. अंगात बॉलिंगचा शर्ट, पायात सपाता. ती माइकपाशीही नीट गेली नाही. “ते लोक घेत नसतील तर आम्ही घेतो,” एवढं म्हणून ती बसली. दहा सेकंदांत मॅगनोलिया कोर्टची पोरं पाचवीपर्यंत सुखरूप झाली. ना गुरुकुल, ना शून्य.

सुलभा कुजबुजत गुरुदत्तला म्हणाली, “उठा. सांगा त्यांना.”

“अगं, आता बरं दिसत नाही. डॉक्टरांचा अपमान होईल.”

डॉक्टरांचा अपमान. पोरगी पुन्हा मुकी झाली तरी चालेल, ओल्या फ्रॉकने घरी आली तरी चालेल, पण डॉक्टरांचा अपमान व्हायला नको. सुलभाला त्या क्षणी एकेकाची किळस आली. नवऱ्याची, त्या सुटाची, ढोकळ्याची, अपार्टमेंटांना नाकं मुरडणाऱ्या त्या पाचही घरांची. घास तोंडाशी आला तरी ज्यांना मागता येत नाही अशी ही माणसं. भिकेची सवय नाही म्हणावं तर तसंही नाही, मंडळाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरतात. यांना मागताना बघायचं असेल तर वर्गणीच्या दिवसांत बघावं.

बोर्डाने हात वर करून मत घेतलं. मॅगनोलिया कोर्टची मुलं मोजून झाल्यावर एक बाई मिस्टर हॅस्केलच्या कानाशी काहीतरी बोलली. त्याने मान हलवली आणि सभा संपवण्याआधी नजर फिरवली. सुलभा तेव्हा उभी होती. केव्हा उठली ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. वाक्य तयार होतं. माझी मुलगी मिस डनच्या वर्गात बोलायला लागली आहे. एवढंच. तिला शून्याचा शोध लावायचा नव्हता.

“मॅम,” म्हातारा म्हणाला, “अजून एक जागा उरते आहे. तुमची मुलगी इथेच आहे ना? तुम्हाला हवी आहे का ती जागा?”

सगळी माणसं वळली. टेक्सासची माणसं, मिरीकर, लतिका, बॉलिंगवाली. आणि सुलभाच्या तोंडावर हसू आलं. मान तिरपी झाली. हात आपोआप पुढे आला.

“ओ, नो, नो,” ती म्हणाली. “थँक यू.”

आणि थांबली. आता तो म्हणेल, असं कसं, घ्याच. आता म्हणेल. तिच्या ओठावर पुढचं वाक्य येऊन उभं होतं, तो नुसतं ‘आर यू शुअर’ म्हणाला असता तरी पुरलं असतं.

“थँक यू, मॅम,” मिस्टर हॅस्केल म्हणाला. मागून एक हात वर झाला, त्याने तिकडे बघून मान हलवली आणि हातोडा टेबलावर आपटला.

ती धावली. लोक बाकं मिटत होते, त्यांतून वाट काढत ती टेबलापाशी पोचली तेव्हा म्हातारा टोपी घालत होता. तिने सांगितलं, सगळं सांगितलं, रुपाली, एसी, मिस डन. इंग्रजी अडखळलं, पण सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं तसा तो खडूस निघाला नाही, आणि त्यानेच तिला जास्त लागलं.

“मॅम, ती जागा आत्ताच मॅगनोलियाच्या मागच्या घराला दिली,” तो म्हणाला. “त्यांनी लगेच हात वर केला. तुमच्या गल्लीला मी दोनदा विचारलं होतं हो. मला वाटलं, तुम्हाला नको आहे.”

पार्किंगमध्ये डॉक्टर कॅडिलॅकला टेकून उभे होते. भोवती चारही घरं.

“मॅनर्सच नाहीत,” ते म्हणत होते. “माणूस एकदा नको म्हणाला की विषय संपला. पुन्हा विचारायची पद्धतच नाही या लोकांत. काय कल्चर आहे.” मग सुलभाला बघून म्हणाले, “वहिनी, तुम्हाला तर वेगळं विचारलं होतं. तुम्ही तरी हो म्हणायचं.”

एरवी तिने त्यांना तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. शब्द तिच्यापाशी ढिगाने होते, सभाभर जमवलेले. त्यांतला एकही आता तिला वापरता येईना. ती गाडीत जाऊन बसली.

गुरुदत्तने गाडी काढली. हायवेच्या पलीकडे नव्या शाळेचा सांगाडा दिव्यांच्या उजेडात दिसत होता, नुसत्या लोखंडी तुळया. मागच्या सीटवरून रुपाली इंग्रजीत म्हणाली, “आई, त्यांनी तुला विचारलं. तू नो म्हणालीस.”

“हो.”

“व्हाय?”

सुलभाला उत्तर द्यायचं होतं. पण कुठून सुरुवात करायची, पंगतीपासून, लाडवापासून, आपल्यात असंच असतं इथपासून, आणि आठ वर्षांच्या पोरीला ते इंग्रजीत कसं सांगायचं, हे तिला जुळेना. तिने शब्द जुळवायला घेतले. आरशात तिला रुपाली दिसत होती, तिच्याकडेच बघत असलेली. पुन्हा विचारील तोवर सांगू, असं तिने ठरवलं.

रुपालीने पुन्हा विचारलं नाही. ती इथे जन्मलेली पोर, एकदाच विचारायची. तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.