शनिवारपर्यंत चार

"उद्या संध्याकाळी चार डिग्री असणार, हे तुम्हाला आजच कसं कळलं, अक्का?"

लशींच्या फ्रिजची वही मी नर्स उषाक्कांपुढे सरकवली. आज बुधवार. रोज दोनदा थर्मामीटर बघून आकडा लिहायचा असतो. इथे शनिवारपर्यंतच्या सगळ्या चौकटींत चार, एकाच पेनाने.

"सोमवारीच भरून टाकते मी," त्या म्हणाल्या. "दोन दवाखाने माझ्याच गळ्यात. तिकडची नर्स गेली, दुसरी दिलीच नाही. परेशान आहे नुसती."

आरोग्य खात्याची अंतर्गत लेखापरीक्षक म्हणून मी आले होते. पण दीड महिन्यापूर्वी याच बाकावर माझ्या तान्ह्या ईशाला मांडीवर घेऊन बसले होते. या तेलुगू शहरात माझं मराठी ऐकून अक्का खुलल्या होत्या. "आपलीच पोर की गे," म्हणत त्यांनी ईशाच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, ती हसत असतानाच सुई टोचली. आज मी 'मॅडम' झाले होते.

मी मागची पानं उलटली. ईशाच्या लशीआधीचे दोन दिवस ट्रान्सफॉर्मर जळून आमच्या नल्लकुंटा मोहल्ल्यासकट या भागात वीज नव्हती. वहीत चार, चार, चार, चार.

"तेव्हा फ्रिज बंद होता ना?"

"हौ. सगळ्या शिश्या बर्फाच्या डब्यात हलवल्या मी. शिशीवरचा चौकोन बघूनच सुई दिली. लस गरम झाली की तो काळा पडतो. एक पण काळा नव्हता, मॅडम."

"मग तसं लिहायचं."

"चार आधीच लिहिले होते ना."

त्यांचं खरं असावं, असं मला फार वाटत होतं. व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला, सुधीरला, फोनवर सगळं सांगितलं.

"ईशाला आपण बाहेरच्या डॉक्टरला दाखवू," तो म्हणाला. "त्या बाईची नोकरी कशाला घालवतेस?"

"त्या दिवशी आणखी सतरा मुलं होती."

फोन ठेवून मी आत आले. लेखापरीक्षणाच्या शंकेचा कागद उभा दुमडला; डाव्या अर्ध्यात आमची शंका, उजवा अर्धा अक्कांच्या उत्तरासाठी कोरा. अठरा मुलांची पुन्हा तपासणी व्हावी, असं लिहिलं. त्यांतली एक माझी मुलगी आहे, म्हणून हे दुसऱ्या अधिकाऱ्याने पडताळावं, हेही लिहिलं.

अक्कांनी सावकाश वाचलं. "नोकरी जाईल का?"

"माहीत नाही. दोन दवाखान्यांना एकच नर्स, तेही लिहिलंय. खाली बघा."

उजवीकडे लोक सहसा 'नोंद घेतली' लिहून मोकळे होतात. अक्कांनी लिहिलं, 'न बघता मी लिहिले.' सही केली.

"लेकराला ताप-बीप आला होता का गे?"

"नाही, अक्का."

मी बॅग भरत होते. संध्याकाळच्या नोंदीची वेळ झाली, तशा त्या उठल्या, चष्मा लावला, फ्रिजमधला थर्मामीटर उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग वही उघडली. आजच्या चौकटीत चार होताच. लिहायला जागा नव्हती.

त्यांनी आकडा तळहातावर लिहिला.