मैथिलीताईचं भलं

मैथिलीताई आली की आधी तिच्या सायकलच्या साखळीची करकर वर यायची, मग तिचं हसणं, आणि मग लिंडनच्या फुलांचा वास, कारण त्या झाडाखालून येताना चारदोन फुलं केसांत अडकायची आणि तिला पत्ताच नसायचा. जूनमध्ये इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, संध्याकाळ संपता संपत नाही, तशी ती बसली की उठायची नाही, आणि मला तेच हवं असायचं, कारण हे गाड्यांच्या प्लांटवर गेले की घरात मी आणि माझी चार वर्षांची अन्वी, जर्मन येत नाही म्हणून दाराची बेल वाजली तरी मी उघडायची नाही.

जुने ग्रीक लोक मैत्रीला काय समजायचे, यावर ती पुण्याची पोरगी इथे पीएचडी करत होती. मी दहावी नापास. तरी मलाच सांगायची, हवेत पीठ मळल्यासारखे हात फिरवत. एक कामापुरती मैत्री, एक मजेपुरती, आणि एक अशी की त्या माणसाचं भलं व्हावं, बास, आपल्याला काही नको.

"मग आपली कामापुरतीच की," मी म्हटलं. "डॉक्टरला फोन तू करणार, पत्रं तू वाचणार."

"आणि आमटी कोण ओरपतं गं? शहाणी!"

मग तिला ड्रेस्डेनला शिकवायची नोकरी आली, आणि ती तिकडे हो-नाही काही कळवेचना. म्हणाली, ग्रीक लोकही इथेच अडले होते. मित्राचं भलं त्याला आपल्यापासून फार लांब नेणार असेल, तर ते भलं आपण खरंच मागू का? हे बोलताना ती अन्वीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तेव्हा कळलं, ही माझ्यासाठी अडलीय.

अन्वीचा कान ठणकत होता. ताईने डॉक्टरला लावायला नेहमीसारखा फोन उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला. येत होते तेवढे शब्द टाकले, मुलगी, कान, दुखणं. "माइने टोख्टर... ओर... श्मेर्त्सन..." पलीकडची बाई भरभर बोलायला लागली, मी तेच शब्द पुटपुटत राहिले. "मामा, लाउटर!" अन्वी ओरडली, आई, मोठ्याने बोल म्हणे. ताईचा हात पुढे आला, आणि मग तिनेच तो मांडीखाली दाबून धरला. मी परत बोलले, मोठ्याने. सकाळचा टर्मिन मिळाला, डॉक्टरची वेळ.

"ताई, ड्रेस्डेनला हो म्हणून टाक."

"हाकलतेस मला? नालायक!" म्हणाली, आणि रडत रडतच हसली.

आता फोन येतात, आधी रोज यायचे, मग रविवारी, आता कधीतरी. लांब राहिलं की मैत्री विरत जाते, हेही ते ग्रीक लोक सांगून गेलेत म्हणे. कधी कधी तिचा चेहरा पटकन आठवत नाही आणि मी घाबरते. पण वर्गासमोर उभी राहून हवेत हात फिरवणारी ताई, जी मी कधी पाहिलीच नाही, ती मात्र दिवसेंदिवस जास्तच स्वच्छ दिसत जाते.