एकच नाव कळवा

कमलाकांत राऊत मास्तरांनी मुंबईच्या एका जिमखान्यात तीस वर्षं मार्कर म्हणून काढली. मार्कर म्हणजे सभासदांशी टेनिस खेळायला ठेवलेला पगारी माणूस. साहेबाला हरवायचं नाही आणि आपण मुद्दाम हरतोय हे त्याला कळूही द्यायचं नाही, अशी ती नोकरी. या नोकरीत त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही, पण नजर तयार झाली. पोरगा कोर्टावर येऊन दहा चेंडू मारेपर्यंत मास्तर सांगत, हा कॉलेज संपलं की रॅकेट खुंटीला टांगणार, आणि हा राज्याकडून खेळणार. बहुतेक वेळा तसंच होई. त्यामुळे निवृत्त होऊन शिरगावला परतल्यावरही मुंबईची मोठी माणसं त्यांना विसरली नव्हती.

शिरगावात त्यांचा जीव रमेना. तेवढ्यात तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं, बोईसरच्या बाजूला वसाहत उठली आणि परदेशी इंजिनियरांसाठी तिथे टेनिसचं कोर्ट झालं. ते सांभाळायला मास्तर गेले. कोर्ट मुरुमाचं, वरून शेणाने सारवलेलं. इंजिनियर पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून उभे होते. चेंडू किती खरा उसळतो हे पाहिल्यावर रुमाल खिशात गेले.

त्या कोर्टावर मास्तरांनी दोन पोरं तयार केली. रामकिसन हा केंद्रावरच्या बन्सी वेल्डरचा मुलगा. बन्सी पारनेरकडून कामाला आला होता आणि पोराला त्याने केंद्रातच मीटर दुरुस्तीच्या खात्यात उमेदवारीला लावलं होतं. एकोणीस वर्षांचा रामकिसन चार वर्षं खेळत होता. त्याचा बॅकहँड पाहायला इंजिनियर चहा अर्धा टाकून उठत. हात असा सुटायचा, जसं ताकातून लोणी वर यावं.

दुसरा चिंतू, वर्षाने लहान. बेटेगावच्या पुढच्या पाड्यावरची त्याची आई बुधी कोर्ट सारवायला यायची, तिच्याबरोबर तो पाणी घालायला आला आणि राहिला. त्याला खेळायला लागून अडीच वर्षं झाली होती. त्याच्या फटक्यात देखणेपण नव्हतं. पाय मात्र हरणाचे आणि तोंड बंद.

अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर मास्तरांना मुंबईहून पत्र आलं. एका गिरणीमालकाच्या ट्रस्टने लिहिलं होतं की यंदापासून परदेशातल्या मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंनाही खुल्या झाल्या आहेत. आपलाही एखादा मुलगा त्या वाटेला लागावा म्हणून मार्चमध्ये एकाला वर्षभरासाठी तिकडे पाठवायचं आहे. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. एकच नाव कळवा.

मास्तरांनी दोघांना समोर बसवून पत्र वाचून दाखवलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"तीन दिवस, तीन सामने," ते म्हणाले. "मग मी लिहीन."

तिन्ही सामने रामकिसनने जिंकले. पहिला तर चिंतूला अवघे तीन गेम देऊन. तिसरा जरा लांबला, पण शेवटी बॅकहँडचा असा एक फटका रेषेला घासून गेला की चिंतूनेसुद्धा मान डोलावली. मास्तर खोलीवर गेले आणि त्यांनी पत्र लिहून टाकलं. रामकिसन बन्सी औटी. पाकीट बंद करून दुसऱ्या दिवशी बोईसरच्या पोस्टात टाकायला ठेवलं.

सकाळी पाळीवर जाण्याआधी रामकिसन दारात उभा राहिला. अंगावर खाकी कपडे, हातात डबा.

"मास्तर, लिहिलं का?"

"लिहिलं."

"माझं नाव?"

मास्तर हसले. "अजून कोणाचं?"

रामकिसनच्या चेहऱ्यावर आनंद उमटला आणि लगेच मावळला. तो आत येऊन खाटेच्या कडेवर बसला.

"एक बोलू का? आमच्याकडे सध्या मीटरच्या चाचण्या चालल्यात. दिवसभर काट्यांकडे बघत बसायचं. आमचे साहेब म्हणतात, काटा कुठं हाये ते शेंबडं पोरगंपण सांगंल. तू काटा कुठं चाललाय ते बघ."

"मग?"

"दोन वर्षांपूर्वी मी चिंतूला एक गेम देत नव्हतो. मागच्या होळीला तो पुऱ्या सामन्यात दोन घ्यायचा. आता पहिल्या दिवशी तीन घेतले, परवा सहा, आणि काल एक अख्खा सेट. माझा बॅकहँड लोक बघतात ना, तो दोन वर्षांपूर्वीही असाच होता, मास्तर. तसूभर बदलला नाही. त्याच्याकडे तेव्हा बॅकहँडच नव्हता."

मास्तर जरा कडक आवाजात म्हणाले, "परदेशाला घाबरलास काय?"

"घाबरलो असतो तर बरं झालं असतं," रामकिसन म्हणाला. "मला जायचंय. रात्रभर तेच डोक्यात होतं. तुम्ही पाकीट टाकलंत तर मी जाईन, नाही म्हणणार नाही. पण तुम्ही मला शिकवलंत, तर जे दिसतंय ते तुमच्यापासून लपवू कसं?"

भोंगा झाला तसा तो डबा उचलून पळाला.

मास्तर पाकिटाकडे बघत बसले. तीस वर्षांची नजर, आणि एका उमेदवारी करणाऱ्या पोराने तिच्यात बोट घातलं! आधी त्यांना रागच आला. चहा घेतल्यावर राग निवळला आणि त्याच्या जागी लाज आली. देखण्या हाताने आपले डोळे दिपले, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. तरी नुसत्या बोलण्यावर नाव बदलणं त्यांना पटेना. खेळाचा निकाल खेळातच लागला पाहिजे.

त्यांनी झिजून टक्कल पडलेले डझनभर चेंडू बादलीत भिजत घातले. तिकडे गवतावर खेळतात. गवतावर चेंडू नीट उसळत नाही, घोट्याजवळून सरपटत जातो. भिजलेले टकले चेंडू थोडेफार तसेच वागतात. संध्याकाळी दोघांना त्यांनी ते चेंडू दिले आणि खाली वाकून, चेंडू जमिनीवरून सुटतासुटताच कसा उचलायचा ते दाखवलं.

रामकिसनला दहाव्या चेंडूला जमलं. असं जमलं की बघत राहावं. चिंतूचे पन्नास चेंडू नेटमध्ये गेले, वीस कुंपणाबाहेर. अंधार पडेपर्यंत तो मारत राहिला.

"मास्तर, आज जमला नाय," तो म्हणाला. "हे चेंडू मी घरी नेऊ?"

"ने."

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा तळहाताला फडकं बांधलेलं होतं. मास्तरांनी त्याने परत आणलेले चेंडू पुन्हा भिजवले आणि दोघांना एक सेट खेळायला सांगितलं.

पहिल्याच गेमला मास्तर खुर्चीतून पुढे सरकले. चिंतू त्यांनी दाखवलेला फटका मारतच नव्हता. तो एक पाऊल आत येत होता, रॅकेट अर्धीच मागे नेत होता आणि चेंडू नुसता ढकलल्यासारखा रामकिसनच्या पायाशी टाकत होता. दिसायला फटका ओबडधोबड होता. पण रामकिसनला हात सोडायला जागाच मिळेना. दर वेळी रेषेला घासून जाणारा तो बॅकहँड त्या दिवशी नेटच्या वर निघेना. सहा-तीन. चिंतू जिंकला.

"हे तुला कोणी दाखवलं?" मास्तरांनी विचारलं.

"कोनी नाय. तुमी दावला तसा मला होईना. माजा हात आखूड हाय. मंग गोदामाच्या भिंतीवर मारून बगितला, पुढं आलो की होतो." मग जरा घाबरून, "चुकला का?"

नेटच्या पलीकडे रामकिसन उभा होता. घामाने डबडबलेला, हरलेला. त्याने रॅकेटवर हाताने टाळी वाजवली. मास्तरांनी आयुष्यात कितीतरी खेळाडूंना हरताना पाहिलं होतं. आपल्या हातातली गोष्ट आपल्याच शब्दाने दुसऱ्याच्या ओंजळीत जाते आहे, हे ठाऊक असून टाळी वाजवणारा त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

त्यांनी नवं पत्र लिहिलं.

चिंतूच्या घरी सांगायला मास्तर स्वतः पाड्यावर गेले. बुधी नागली पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"तिकडं कोरट कोन सारवतं?" तिने विचारलं.

"तिकडे सारवत नाहीत, बुधीबाई. गवतावर खेळतात."

"गवतावर? आनि गुरा कुटं चरतात?" ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "मास्तर, खरा सांगा. पोर तिकडं जिंकंल का?"

मास्तरांनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. "आधी खूप हरेल. वर्षभर हरतच राहील कदाचित. पण दर वेळी काहीतरी शिकून येईल. असा पोरगा मी दुसरा पाहिला नाही."

बुधीने दारात उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. "मंग जाऊ द्या," ती म्हणाली.

मार्चमध्ये चिंतू गेला. पालघर स्टेशनावर त्याला पोचवायला रामकिसन रजा टाकून आला होता. आपल्या दोन चांगल्या रॅकेटींपैकी एक त्याने चिंतूच्या वळकटीला बांधून दिली.

मास्तर म्हणाले तसंच झालं. पहिल्या सात स्पर्धांत चिंतू पहिल्याच सामन्यात बाद झाला. दर वेळी त्याचं कार्ड यायचं, वाकड्या अक्षरातलं, दोन ओळींचं. 'हरलो. सर्व्ह लय जोरात येतो. आता मागं उभा राहतो.' पुढच्या कार्डात, 'हरलो. मागं उभं राहून नाय चालत.' रामकिसन ती कार्डं मास्तरांना वाचून दाखवी आणि दोघं त्यावर तासभर बोलत. जुलैत इंग्लंडातल्या एका लहान गावच्या स्पर्धेत चिंतूने एका नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूला पाच सेटमध्ये हरवलं. पुढच्या फेरीत तो स्वतः हरला, पण त्याच आठवड्यात ट्रस्टचं पत्र आलं. त्याला आणखी एक वर्ष तिकडेच ठेवायचं ठरलं होतं. पुढच्या मोसमासाठी नवा मुलगा पाहून ठेवा, अशी विनंतीही होती.

मास्तरांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. 'चिंतूची निवड माझी नव्हे. माझं पहिलं पत्र चुकीचं होतं, ते पोस्टात पडलं नाही इतकंच. ती चूक रामकिसन औटी याने दाखवली, स्वतःचं नुकसान होत असताना. माझ्या तीस वर्षांत अशी पारख मी पाहिली नाही. यापुढे खेळाडू पाहायचे असतील तर त्याला विचारावं.'

पत्र त्यांनी रामकिसनला वाचायला दिलं. तो वाचत असताना ते कोर्टाकडे तोंड करून उभे राहिले, कारण एवढं कौतुक त्यांनी कधी कोणाच्या तोंडावर केलं नव्हतं.

रामकिसनने कागद घडी करून परत दिला. मग वाकून त्यांच्या पाया पडला.

पुढच्या रविवारी तो दातिवऱ्याच्या एस्टीत बसला. तिथल्या कोळीवाड्यात जानू नावाचा एक डावखुरा पोरगा लाकडी फळीने भिंतीवर चेंडू मारतो, असं त्याच्या कानावर आलं होतं. पिशवीत त्याने एक रॅकेट आणि सहा चेंडू घेतले होते.