आतबट्ट्याची होडी

मुळशी धरणाच्या पाण्यावर कोंडाजी गेली तीस वर्षं होडी चालवत होता. पलीकडच्या वाडीत बावीस घरं. रस्त्यानं यायचं तर वळसा घालता घालता अर्धा दिवस जायचा. होडीनं वीस मिनिटं. यंदा इंजिन कायमचं बसलं, तेव्हापासून तो वल्ह्यांवरच भागवत होता. नव्या इंजिनासाठी त्यानं अनुदानाचा अर्ज केला होता.

ग्रामसेवक इंद्रजित नवा, शहरातून आलेला. वरून आलेला शेरा त्यानं वाचून दाखवला, "सदर व्यवसाय आतबट्ट्याचा असल्याने अर्ज नामंजूर."

कोंडाजी ताडकन उठला. "बट्टा? माझ्या होडीला? तीस वर्सांत एक माणूस बुडालं न्हाई, कुणाच्या लेकीबाळीकडं वाकडं बगितलं न्हाई. बट्टा लावणारा कोण त्यो?" आणि तो तरातरा बाहेर पडला.

इंद्रजित मागोमाग पाण्यापर्यंत आला. "मामा, ऐका तर! तो बट्टा वेगळा. इथं बट्टा म्हणजे तूट. मिळकत कमी आणि खर्च जास्त, तो धंदा आतबट्ट्याचा."

कोंडाजी होडीच्या काठावर टेकला. त्याचा राग निवळला. "आस्सं व्हय? मंग खरंच लिवलंय की त्यानं. शाळंची पोरं, बाळंतिणी, त्यांच्याकडनं मी पैसं घेत न्हाई. डिझेल तर रोज लागायचं."

"मग चालवता कशाला?"

"न्हाई चालवली तर त्यांनी यावं कसं?"

दोन दिवसांनी इंद्रजित होडीतून वाडीत गेला, घरोघरी बसला, होडी हवी अशा अर्जावर सह्या घेतल्या. परतताना म्हणाला, "धंद्याला नाही, पण गावच्या सोयीला पैसे मिळतील. फक्त होडी पंचायतीच्या नावावर करावी लागेल. तुम्ही पगारी चालक."

ती होडी कोंडाजीनं स्वतः फळी फळी जोडून बांधली होती. घरी त्यानं रत्नाबाईला, बायकोला, विचारलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "नावाचं काय घिऊन बसलाय? होडी बंद पडल्यावर नाव चाटायचंय व्हय?"

त्यानं सही केली.

पावसाळा सरल्यावर इंजिन आलं. पेंटर होडीवरचं त्याचं नाव खरवडू लागला, तेव्हा कोंडाजी तिथं थांबला नाही. वर टेकाडावर जाऊन पाठ फिरवून बसला. रंग वाळल्यावर खाली उतरला. वाडीच्या बाया बाजाराच्या पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्यानं दोर सोडला.