संशोधनाच्या मर्यादा

सुगंधाबाईंचा प्रबंध काकासाहेबांच्या टेबलावर येऊन पडला, त्याला चौदा महिने झाले होते. काकासाहेब त्यांचे गाईड. शहरातल्या एका शिक्षणशास्त्राच्या कॉलेजचे ते प्राचार्य होते. पुढची पायरी एकच होती, प्रमाणपत्रावर त्यांची सही. त्या सहीपायी बाई दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की चिकलठाण्याहून बस धरायच्या आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहायच्या.

बाई मूळच्या दौलताबादच्या पायथ्याकडच्या, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातल्या. त्या घरातून मॅट्रिक झालेलं पहिलं माणूस त्याच. चिकलठाण्याला कारखाने आले, नवरा तिथं फिटर म्हणून लागला, आणि कारखान्यांमागच्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेत बाई शिक्षिका झाल्या. पहिलीच्या वर्गात त्यांना दरसाल एकच गोष्ट दिसायची. जून महिन्यात घडाघडा बोलणारं पोर दिवाळीपर्यंत मुकं होऊन बसायचं. स्वतः बाईही पहिलीचं अख्खं वर्ष अशाच मुक्या होत्या. म्हणून एम.एड. झाल्यावर पीएच.डी.ला त्यांनी हाच विषय घेतला: मुलांची घरची बोली आणि शाळेची भाषा.

विषय काकासाहेबांनीच मंजूर केला होता. "आपल्या मातीतलं काम आहे, करा," असं म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला होता. त्यांची जमीनही बाईंच्याच शिवारात. त्यांचे थोरले भाऊ पुंजाराम ती कसायचे, आणि बाईंचा धाकटा भाऊ मुंजाबा वर्षानुवर्षं त्याच रानात मेंढरं बसवायचा. रानाला खत मिळायचं, मुंजाबाला धान्य आणि चारा. माणूस अनोळखी नव्हता.

घोडं अडलं ते चौथ्या प्रकरणापाशी.

तीन शाळांतल्या पहिली-दुसरीच्या दोनशे चाळीस वह्या बाईंनी पानोपान चाळल्या होत्या. 'आमी शाळंत जातो' असं सगळीच पोरं लिहायची, कारण सगळ्यांच्याच घरात तसं बोलायचे. पण बागायतदाराच्या मुलाच्या वहीत मास्तर त्या शब्दांभोवती गोल करून वर बरोबर शब्द लिहून द्यायचे. मेंढपाळाच्या आणि दलित वस्तीतल्या मुलाच्या वहीत तांबडी फुली असायची, आणि समासात लिहिलेलं असायचं: मठ्ठ. बाईंनी स्वतःचा शेरा मारला नव्हता. नुसती मोजदाद करून तक्ता मांडला होता.

चौदाव्या महिन्यात एकदाचं काकासाहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"बसा सुगंधाबाई. प्रबंध उत्तम झालाय. चौथं प्रकरण तेवढं काढून टाका."

"सर, बाकीची प्रकरणं त्याच्यावरच उभी आहेत."

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" काकासाहेब शांतपणे म्हणाले. "तक्ता खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण दिवस कोणते आहेत ते बघा. पंधरा वर्षं विद्यापीठाच्या नामांतरावरून गावंच्या गावं दुभंगलीत. अशात माझ्या सहीनं असा कागद बाहेर गेला, की एक बाजू तो झेंड्यासारखा नाचवणार आणि दुसरी माझ्या दारात येणार. मला कॉलेज चालवायचंय. तुम्हालाही इथंच राहायचंय."

आवाजात धमकी नव्हती. त्यांनी चहाही मागवला. बाईंनी चहा घेतला आणि तिथून उठून थेट विद्यापीठाची कचेरी गाठली, गाईड बदलून मिळतो का ते विचारायला. कारकुनानं नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. आधीच्या गाईडचं ना-हरकत पत्र लागेल. आणि नोंदणीची मुदत मार्चअखेर संपतेय, ती वाढवायलाही गाईडचीच शिफारस हवी. दार उघडायला जावं तर किल्ली आतल्याच माणसाकडं.

पुढच्या रविवारी मुंजाबा आला. पटका काढून मांडीवर ठेवून बसला. बराच वेळ मेंढरांचं, पाण्याचं बोलत राहिला, आणि मग म्हणाला,

"आक्का, पुंजारामदादा म्हणले, औंदा मेंढरं दुसरीकडं बसवा."

"का म्हणं?"

"कारण काय सांगतेत व्हय मोठी मान्सं? म्हणले, तुझ्या बहिणीला इचार." त्यानं खाली बघितलं. "तू काय लिवलंयस ते मला नाय कळत. पर आजूबाजूच्यांनी बी दादांचं बघून नाय म्हणलंय. दोनशे मेंढरं घेऊन मी कुठं जाऊ?"

काकासाहेबांनी भावाला सांगितलं होतं, की पुंजारामदादा आपणहून बोलले होते, हे बाईंना कधीच कळलं नाही. काकासाहेबांना विचारायचं त्यांनी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा बाकावरून तशाच उठून आल्या. प्रकरण ठेवावं तर सहा वर्षांचं काम मार्चमध्ये मातीमोल होणार आणि भाऊ रानोमाळ होणार. काढावं तर पदवी पदरात पडणार, पण तिच्यात उरणार काय? भाजी चिरताना, पोरांची हजेरी घेताना त्या हेच उलटसुलट करत राहायच्या. नवरा म्हणाला, "काढून टाक आणि मोकळी हो." पण मोकळं व्हायचं म्हणजे कसं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

प्रकरण काढायचं तर कचरू मास्तरांना आधी सांगायलाच हवं होतं. दोनशे चाळीसातल्या नव्वद वह्या त्यांनी आणून दिल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत गावातलं घर जळाल्यावर ते शहरात आले, मास्तर झाले, आणि नामांतराच्या आंदोलनात दोनदा तुरुंगात जाऊन आले. या वह्या त्यांनी दलित वस्तीच्या घराघरांतून, आयांना विनवून गोळा केल्या होत्या. "ताई, आमची लेकरं मठ्ठ नाहीत एवढं कागदावर येऊ द्या," यापलीकडं त्यांनी काही मागितलं नव्हतं.

बाई त्यांच्या शाळेत गेल्या. मधली सुट्टी होती. सगळं ऐकून घेईपर्यंत कचरू मास्तर व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभे होते.

"काढा," ते म्हणाले. "तुमची अडचण मला दिसतीया. तुमच्या जागी मी काय केलं असतं, ते मला ठावं नाय."

"पुढं कुठंतरी छापीन मी ते. वेगळं."

"बघा. आमच्या वह्या तेवढ्या परत द्या, मॅडम. आयांना सांगून आणल्यात."

ताईची मॅडम झाली होती. दोन दिवसांनी पिशवी भरून वह्या त्या स्वतः पोचवून आल्या.

चौथं प्रकरण गेलं. पाचव्याचं चौथं झालं. शेवटी 'संशोधनाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली काकासाहेबांनी आपल्या हातानं एक ओळ घातली: 'शिक्षकांच्या मूल्यमापन पद्धतीचा विचार प्रस्तुत अभ्यासात केलेला नाही.' त्याच दिवशी सही झाली. आठवड्याच्या आत मुंजाबाचा निरोप आला, मेंढरं पुंजारामदादांच्या रानात बसली.

तोंडी परीक्षा त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे आणि बारकाईनं वाचणारे होते. तासभर प्रश्न झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बाई, एक राहून राहून वाटतं. वह्या एवढ्या बघितल्यात, तर मास्तरांनी त्या कशा तपासल्या हे बघावंसं वाटलं नाही?"

काकासाहेब शेजारीच बसले होते. 'नाही सर' एवढं म्हटलं की संपत होतं.

"बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "पूर्ण प्रकरण होतं. काढून टाकलंय."

आता जे व्हायचं ते होऊ दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि किती दिवसांनी त्यांना छातीभर श्वास घेता आला.

"व्याप्ती फार वाढत होती," काकासाहेब हसून म्हणाले. "मीच म्हटलं, पुढच्या संशोधनासाठी राखून ठेवा. मर्यादांमध्ये नोंद आहे."

परीक्षकांनी पान उलटून ती ओळ वाचली. क्षणभर बाईंकडं बघितलं. मग मान हलवली, "बरोबर आहे," असं म्हणून अहवालावर सही केली आणि सगळ्यांत आधी उठून म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर."

कॉलेजातल्या लोकांनी बाईंना हार घातला, बाईंनी सगळ्यांना पेढे दिले. काकासाहेबांना वाकून नमस्कारही केला.

"चला, घरी सोडतो," काकासाहेब म्हणाले. वाटेत त्यांनी जूनपासून कॉलेजात एक जागा निघतेय हेही सांगितलं. बाईंचा अर्ज यावा अशी त्यांची इच्छा होती.

क्रांती चौकात गाडी अडकली. नामांतराचा मोर्चा चालला होता. निळे झेंडे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, घोषणा. ड्रायव्हरनं काचा वर केल्या आणि आवाज दबला. बाईंनी दाराच्या कडीवर हात ठेवला.

"सर, मी इथंच उतरते."

"एवढ्या गर्दीत कुठं उतरता? बसा."

तरी बाई उतरल्या. हार हातात धरून दुभाजकापाशी उभ्या राहिल्या. बाया त्यांच्या अंगाला घासून पुढं जात होत्या. एकीनं "चला की बाई," म्हणून हातसुद्धा केला. मोर्चातले चेहरे बाई एकेक करून बघत होत्या, आणि ओळखीचा चेहरा दिसू नये असंही त्यांना वाटत होतं. पाय मात्र जागचे हलले नाहीत. या बायांबरोबर चालायचा आपल्याला काय हक्क, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

मोर्चाचं शेवटचं टोक गेलं. चौक मोकळा झाला, रिक्षा सुटल्या. पलीकडच्या कडेला काकासाहेबांची गाडी त्यांच्यासाठी थांबून राहिली होती. ड्रायव्हर खाली उतरून मागचं दार उघडं धरून उभा होता.

बाई रस्ता ओलांडून गेल्या आणि गाडीत बसल्या.